न्यूटनच्या वहीतला वायफळ खर्च

मार्च २०२० मध्ये हॉस्टेल रिकामं करायला आम्हाला दीड दिवस मिळाला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, त्यातही शेवटचं सेमिस्टर. पंधरा दिवसांत परत यायचंच आहे म्हणून गादी, बादली आणि प्रोजेक्टची फाईल रूमवरच ठेवली आणि करमाळ्याची एसटी पकडली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गावी पोचून आठवडा झाला नसेल, तोवर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. १६६५ साली इंग्लंडात प्लेग आला, केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं, न्यूटन नावाचा विद्यार्थी घरी गेला आणि त्या सुट्टीत त्याने कॅल्क्युलस, गुरुत्वाकर्षण आणि रंगांचं रहस्य, तिन्ही शोधून काढलं. खाली मामांनी स्वतः टाईप केलेली एक ओळ होती, सुट्टीचा सदुपयोग करण्याबद्दल. ती कोणासाठी होती हे सांगायला नको. त्या ग्रुपमध्ये विद्यार्थी मी एकटाच होतो.

मी तेव्हा काय करत होतो? सकाळी वडिलांबरोबर केळीच्या बागेत जायचो. केळीला गिऱ्हाईक नव्हतं, घड झाडावरच पिवळे पडत होते आणि आम्ही ते नुसते बघून परत यायचो. दुपारी रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसायचो. रात्री लाईट आली की मोटर चालू करायला जायचो. प्लेसमेंट झालेल्या कंपनीची जॉइनिंगची तारीख पुढे पुढे सरकत होती. कॅल्क्युलस राहू द्या, प्रोजेक्टचा रिपोर्टसुद्धा माझ्याच्यानं पुरा होत नव्हता. त्या फॉरवर्डची मला खरोखर लाज वाटली होती, आणि ती बरेच दिवस गेली नाही.

मामांना तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आता देतो, कारण मधल्या काळात मी न्यूटनच्या वह्या पाहिल्या.

त्या हाती लागल्या योगायोगानं. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका रात्री ऑन-कॉल होतो, रिलीज अडकला होता आणि दुसऱ्या टीमचं उत्तर येईपर्यंत जागं राहणं एवढंच काम होतं. अशा वेळी माणूस मोबाईलवर काहीही वाचतो. केंब्रिजच्या लायब्ररीनं न्यूटनचे कागद स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत, ते कुठूनसे समोर आले. अक्षर बारीक, शाई तपकिरी, निम्मं लॅटिन. पण अभ्यासकांनी या वह्यांमधला मजकूर वाचून टाईप करूनही ठेवलाय. मला वाटलं होतं, सूत्रं असतील. पहिली गोष्ट दिसली ती खर्चाचा हिशोब.

न्यूटन १६६१ च्या जूनमध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पोचल्या पोचल्या त्याने काय विकत घेतलं? टेबलासाठी एक कुलूप, शाईची बाटली आणि ती भरायला शाई, एक वही, पौंडभर मेणबत्त्या आणि रात्री खोलीत लघवीसाठी ठेवतात ते भांडं. मी ही यादी दोनदा वाचली. २०१६ साली वडिलांबरोबर पुण्यात उतरलो, तेव्हा आमची पहिली खरेदी होती कुलूप, बादली, मग आणि अप्पा बळवंत चौकातून वह्या. मेणबत्त्यांच्या जागी एक्स्टेंशन बोर्ड धरायचा. हॉस्टेलला पहिल्यांदा राहायला गेलेल्या कुठल्याही पोराला ही यादी पाहून हसू येईल.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. कॉलेजच्या दप्तरात न्यूटनच्या नावापुढे ‘सबसायझर’ असं लिहिलंय. त्या काळच्या केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांच्या सरळ सरळ पायऱ्या होत्या. सगळ्यात वर मोठ्या घरचे, जे भरपूर फी भरून प्राध्यापकांच्या पंगतीला बसायचे. मधे पेन्शनर, म्हणजे आपला खर्च आपण भरणारे. आणि तळाला सायझर. सायझर म्हणजे काम करून शिकणारा विद्यार्थी, पण कुठलं काम? फेलोंना आणि पैसेवाल्या विद्यार्थ्यांना पहाटे प्रार्थनेसाठी उठवायचं, त्यांचे बूट साफ करायचे, कोठीतून पाव आणि बिअर आणून द्यायची, जेवताना वाढायचं, त्यांची लघवीची भांडी रिकामी करायची. स्वतः जेवायचं ते वरच्यांचं उरल्यावर. सबसायझर ही त्याहून एक पायरी खाली. काम तेच, पण जेवणाचा आणि लेक्चरचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

न्यूटन गरीब होता का? नव्हता. वडील त्याच्या जन्माआधीच वारले, पण वूल्सथॉर्पची जमीन होती, घर दगडी होतं, नोकरमाणसं होती. आईचं वर्षाचं उत्पन्न सातशे पौंडांच्या आसपास असावं, असा चरित्रकारांचा अंदाज आहे आणि मुलाला मिळायचे वर्षाला दहाएक. आईला त्याने शिकावं असं मुळात वाटतच नव्हतं. तिने त्याला मधे शाळेतून काढून शेतीवर आणलं होतं. त्याच्या मेंढ्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या म्हणून १६५९ साली गावच्या कोर्टानं दंड केल्याची नोंद आजही आहे. शाळेच्या हेडमास्तरांनी आणि मामानं तिची समजूत घातली (न्यूटनलाही मामा होता, बरं का), तेव्हा कुठे पोरगा केंब्रिजला गेला. घरच्या गड्यांना त्याच्या जाण्याचा आनंद झाला होता म्हणे. त्यांच्या मते हा युनिव्हर्सिटीशिवाय दुसऱ्या कशाच्याच कामाचा नव्हता.

तर ज्या घरात त्याचं पान गडी वाढत होते, त्या घरातून तो दुसऱ्याचं पान वाढायला आला. आईच्या ओळखीतल्या एका फेलोचा, हम्फ्री बॅबिंग्टनचा, तो सायझर असावा आणि हे गृहस्थ वर्षातून चारपाच आठवडेच कॉलेजात असत, त्यामुळे प्रत्यक्ष काम थोडंच असेल, असा चरित्रकारांचा कयास आहे. असेलही. पण काम थोडं असलं म्हणून पायरी बदलत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना होती. पहिल्या वर्षी मी तिच्यात नाव घातलं. रोज कॉलेज सुटल्यावर दोन तास लायब्ररीत नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, बारकोड चिकटवायचे, परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची. काम सोपं होतं, आवडायचंसुद्धा. अडचण एकच होती. काउंटरवर पुस्तक घ्यायला माझ्याच वर्गातली मुलं यायची. कोणी कधी वाईट बोललं नाही. पण सकाळी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसून माझं असाइनमेंट उतरवणारा मुलगा संध्याकाळी काउंटरवर माझ्याकडे न बघता ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाला, तेव्हा मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

या योजनेचं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांशी जोडलेलं आहे हे आपण शाळेत शिकतो. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. सायझरबद्दल वाचल्यावर मला त्यातला मोठा फरक पहिल्यांदा कळला. भाऊरावांच्या बोर्डिंगात मुलं स्वतःसाठी आणि एकमेकांसाठी राबत होती, कारण राबत सगळीच होती. केंब्रिजमध्ये एक विद्यार्थी दुसऱ्या विद्यार्थ्याचं भांडं उचलत होता. आणि आमच्या लायब्ररीत, योजना तीच असूनही, काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन प्रकार झालेच होते.

आता हिशोबाकडे येऊ. न्यूटननं खर्चाचे दोन भाग पाडले होते. एक योग्य खर्च. दुसऱ्याला त्याने लॅटिनमध्ये जे नाव दिलं, त्याचा अर्थ ‘आळसात आणि फुकट गेलेले पैसे’. मी त्याला वायफळ खर्च म्हणतो. या वायफळमध्ये काय काय आहे? चेरी. केक. कस्टर्ड. टार्ट. बिअर. मुरांबा. आणि दूध! एकोणीस वर्षांचा मुलगा दूध प्यायला आणि त्याने ते वायफळमध्ये लिहिलं. मी हॉस्टेलला असताना शंभर पानी वहीत खर्च लिहायचो, अजून आहे ती. त्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची तेव्हाचा वडापाव ‘जेवण’ या रकान्यात आहे आणि मधल्या वारी खाल्लेला वडापाव ‘इतर’मध्ये. वडापाव तोच. दुसऱ्याला अपराधाचा रकाना लागतो, कारण पैसे घरून आलेले असतात आणि घरी केळीला भाव नसतो.

अपराधावरून आठवलं. १६६२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला न्यूटननं दुसऱ्या एका वहीत आपल्या पापांची यादी केली. कोणी वाचू नये म्हणून ती सांकेतिक लघुलिपीत लिहिली. पन्नासच्या वर पापं आहेत. चर्चमध्ये सफरचंद खाल्लं. रविवारी, म्हणजे देवाच्या दिवशी, उंदराचा सापळा बनवला. आईच्या डब्यातले प्लम आणि साखर चोरली. बहिणीला मारलं. आपला टॉवेल वाचावा म्हणून दुसऱ्याचा वापरला. (हॉस्टेलमध्ये हे पाप न केलेला माणूस दाखवा.) मधेच एक नोंद अंगावर येते. आई आणि सावत्र बाप, दोघांना घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिली होती, तीही याच यादीत, टॉवेल आणि सापळ्याच्या रांगेत. हा मुलगा तीन वर्षांचा असताना आईनं दुसरं लग्न केलं, ती शेजारच्या गावी राहायला गेली आणि याला आजीकडे ठेवलं. ती परत आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

झाडावरून पडलेल्या सफरचंदाची गोष्ट न्यूटननं म्हातारपणी लोकांना सांगितली. चर्चमध्ये खाल्लेलं हे सफरचंद मात्र त्याने विशी गाठायच्या आत स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. मला या दोघांत दुसरं जास्त खरं वाटतं. त्या यादीतलं आणखी एक पाप असं आहे: पैसा, विद्या आणि सुख यांवर देवापेक्षा जास्त मन लावलं. विद्येचाही नंबर लागला.

पैशावर मन होतंच. हा सबसायझर इतर विद्यार्थ्यांना उसने पैसे द्यायचा. बहुतेक रकमा पौंडाच्या आतल्या. वहीत नाव, पुढे रक्कम आणि परतफेड झाली की नावावर फुली. दहा पौंडांत वर्ष काढणारा मुलगा पैसे कसले वाटत होता, याचं चरित्रकारांना कोडं पडतं. मला पडलं नाही. हॉस्टेलमध्ये ज्याच्याकडे वही असते त्याच्याकडेच पैसे असतात. बाकीच्यांकडे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत असतात.

अभ्यास? तोही त्याच वह्यांत आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम ॲरिस्टॉटलचा: तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, वक्तृत्व आणि जुनं भौतिक. कोपर्निकस, केप्लर, गॅलिलिओ, देकार्त होऊन गेले होते, पण सिलॅबस बदलला नव्हता. यावर आम्ही हसू नये. माझ्या बॅचनं २०१७ साली ज्या मायक्रोप्रोसेसरचा पेपर लिहिला, तो १९८५ साली बाजारात आला होता. न्यूटननं एका वहीत दोन्ही टोकांकडून नेमलेल्या पुस्तकांच्या नोट्स काढायला सुरुवात केली, नीट, सुवाच्य. त्यातलं एकही पुस्तक शेवटपर्यंत गेलेलं दिसत नाही. मग १६६४ च्या सुमारास त्याने वहीच्या मधली कोरी पानं उघडली आणि तिथे लॅटिनमध्ये मथळा लिहिला, ‘काही तात्त्विक प्रश्न’. खाली एकेका विषयाची शीर्षकं: पदार्थ, काळ, गती, प्रकाश, रंग, दृष्टी, जडपणा आणि हलकेपणा, स्वप्नं, आत्मा. शीर्षक टाकायचं, जागा सोडायची, सुचेल तसं भरायचं. काही शीर्षकांखाली पानं कमी पडली, काहींखाली जवळजवळ काहीच नाही. हे कोणी सांगितलं नव्हतं आणि याला मार्क नव्हते.

स्कॅनमध्ये ही पानं पाहताना मी थांबलो. वहीच्या दोन्ही टोकांना परीक्षेचा अभ्यास, मधे स्वतःचं. मामांचा फॉरवर्ड पहिल्यांदा डळमळला तो इथे. प्लेग अजून वर्षभर लांब होता.

गणिताचं तर आणखी आधीपासूनचं. ती हकीकत म्हातारपणी त्याने सांगितली म्हणून टिकली. १६६३ साली केंब्रिजजवळच्या स्टरब्रिजच्या जत्रेत त्याने ज्योतिषाचं पुस्तक घेतलं. त्यातली एक आकृती कळेना, कारण त्रिकोणमिती येत नव्हती. त्रिकोणमितीचं पुस्तक आणलं, तर त्यातल्या सिद्धता कळेनात, कारण युक्लिड वाचलेला नव्हता. युक्लिड आणला, चाळला, सोपा वाटला, बाजूला ठेवला. मग देकार्तची भूमिती घेतली. दोनतीन पानं वाचून अडला, पुन्हा पहिल्या पानावर गेला. या वेळी आणखी दोनचार पानं पुढे गेला, अडला, पुन्हा पहिल्या पानावर. असं करत करत शेवटपर्यंत पोचला, कोणाचीही मदत न घेता. ज्यांनी कोणी यूट्यूबवर एकच लेक्चर चौथ्यांदा मागे ओढून पाहिलंय, त्यांना ही पद्धत सांगायची गरज नाही.

आणि मग घडली ती गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. २८ एप्रिल १६६४ ला न्यूटनला ट्रिनिटीची स्कॉलरशिप मिळाली. तीही कशीबशी, असं वाटतं. गणिताचे प्राध्यापक आयझॅक बॅरो यांनी परीक्षा घेतली ती युक्लिडवर, जो यानं सोपा म्हणून बाजूला टाकला होता. देकार्तबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि यानं आपणहून सांगितलं नाही. तरी निवड झाली. त्या दिवसापासून त्याचं सायझरपण संपलं. भांडी उचलणं बंद, जेवण कॉलेजच्या खर्चानं, वर थोडा भत्ता आणि एमएपर्यंतच्या चार वर्षांची हमी. चार वर्षं कोणाला उठवायचं नाही, वाढायचं नाही, काय वाचतोस म्हणून कोणी विचारायचं नाही.

आता तारखा बघा. स्कॉलरशिप एप्रिलमध्ये. त्याच वर्षी मधल्या पानांचे प्रश्न. त्याच वर्षीच्या नाताळात गणिताची आणखी पुस्तकं विकत आणली, जॉन वॉलिसची उसनी घेतली. त्याच डिसेंबरात धूमकेतू बघत इतक्या रात्री जागला की आजारी पडला. ताटातलं जेवण तसंच राहायचं आणि ते खाऊन मांजर लठ्ठ झालं, अशीही आठवण सांगतात. पन्नासेक वर्षांनी न्यूटननं स्वतः जो क्रम लिहून ठेवला, त्यात अनंत श्रेणींचं काम १६६५ च्या सुरुवातीचं आहे आणि स्पर्शरेषांची पद्धत मे महिन्यातली. प्लेगमुळे विद्यापीठ रिकामं झालं ते त्या उन्हाळ्यात. म्हणजे न्यूटन घरी गेला तेव्हा नवं काही सुरू करायला गेला नव्हता. वर्षभर चाललेलं काम पिशवीत घालून घरी नेलं आणि तिथे तसंच पुढे चालू ठेवलं. मधे १६६६ च्या मार्चमध्ये विद्यापीठ उघडलं म्हणून परत आला, जूनमध्ये पुन्हा गेला, शेवटी १६६७ च्या एप्रिलमध्ये कायमचा परतला. सलग दोन वर्षांचं क्वारंटाइनसुद्धा नव्हतं ते.

त्या दोन वर्षांत त्याने केलं ते थोर होतंच. ते माझ्यासारख्यानं कमी करून काही होणार नाही. पण मामा, त्याची स्कॉलरशिप चालू होती. घरी जमीन कसायला गडी होते. आणि त्याआधीचं एक आख्खं वर्ष त्याला कोणीही काम सांगितलं नव्हतं. मला मोटर चालू करायची होती.

१६६५ चाच एक कागद आहे, तारीख ६ मे. आईनं न्यूटनला लिहिलेलं पत्र. कागदाची कड फाटलीय, त्यामुळे वाक्यं अर्धवट आहेत. तिला लिहिण्याची सवय नसावी, स्पेलिंग मनाचं आहे. कसल्याशा कापडाचा उल्लेख आहे, बहिणींचं प्रेम कळवलंय, मग आईचं प्रेम आणि देवाकडे प्रार्थना. बस, एवढंच. ज्या मुलानं तिला जाळण्याची धमकी दिली आणि ती पाप म्हणून लिहून ठेवली, त्यानं हा फाटका कागद जपून ठेवला. माझी आई व्हॉट्सॲपवर लिहीत नाही, व्हॉइस नोट पाठवते. सगळ्या नोट्स साधारण याच क्रमानं असतात: डबा पाठवलाय, ताई आली होती, जेवत जा. त्यातली एकही मी जपून ठेवली नव्हती. फोन बदलला तेव्हा गेल्या.

एका माणसाबद्दल सांगायचं राहिलं, जॉन विकिन्स. तो १६६३ च्या जानेवारीत ट्रिनिटीत आला. पेन्शनर, म्हणजे पैसे भरणारा. त्याचा रूम पार्टनर दंगेखोर होता, म्हणून वैतागून एकदा तो बाहेर फिरायला गेला, तर तिथे न्यूटन एकटाच उदास चेहऱ्यानं फिरताना दिसला. बोलता बोलता कळलं, दुखणं दोघांचं एकच आहे. तिथल्या तिथे ठरलं की आपापले पार्टनर सोडायचे आणि दोघांनी एकत्र राहायचं. पेन्शनर आणि सबसायझर. विकिन्स न्यूटनचे कागद उतरवून द्यायचा, प्रयोगात हात द्यायचा. दोघं जवळजवळ वीस वर्षं एका खोलीत राहिले.

माझाही पार्टनर होता, जालना जिल्ह्यातला. लायब्ररीत मी ‘कमवा आणि शिका’वर आहे हे कळल्यावर रोज सव्वासात वाजता तो काउंटरवर यायचा, पुस्तक नको असलं तरी, आणि मोठ्यानं विचारायचा, “साहेब, सुटी कधी? भूक लागलीय.” दुसऱ्या वर्षी माझा परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते, त्याने भरला. तिसऱ्या वर्षी त्याचे विषय राहिले आणि वायडी लागला. वर्षभर घरी राहायचं, तर घरच्यांनी परत पाठवलंच नाही. आता तो तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि जूनपासून पुढे मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझी शंभर पानी वही पुन्हा उघडली. उसने दिलेले आणि घेतलेले, अशी दोन पानं आहेत. दिलेल्यांवर जवळपास सगळीकडे फुल्या आहेत. घेतलेल्यांमध्ये एका नावावर नाही. रक्कम २१५०, पुढे ‘फॉर्म’ एवढंच. कॅम्पसमधून नोकरी लागली, लॅपटॉप घेतला, गाडी घेतली, फुली मारायची राहिली ती राहिलीच. त्या रात्री त्याला पैसे पाठवले. मिनिटाभरात फोन आला, “हे कसले रे?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलं, तुझं अकाउंट हॅक झालं.”

मग बराच वेळ बोललो. मी त्याला न्यूटनचं सांगत बसलो. भांडी, चेरी, फुल्या, विकिन्स. त्याच्या मागे दुकानात प्रिंटर चालू असल्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं, “त्या पार्टनरचं पुढे काय झालं?”

मी सांगितलं की विकिन्स १६८३ च्या सुमारास केंब्रिज सोडून गेला, स्टोक एडिथ नावाच्या गावी पाद्री झाला, लग्न केलं. दोघांची नंतर फारशी गाठ पडल्याचं दिसत नाही. त्या गावच्या गरिबांना वाटायला न्यूटननं बायबलच्या प्रती मात्र पाठवल्या. न्यूटन गेल्यावर लोकांनी विकिन्सच्या मुलाला विचारलं, तुमच्या वडिलांना काय काय माहीत होतं. वीस वर्षांचा रूम पार्टनर म्हणजे केवढं असेल. मुलाला सांगता आलं ते थोडंच, आणि त्यात होती ती दोघांची ओळख कशी झाली ती गोष्ट. फिरायला गेले होते ती.

“आपली कशी झाली होती, आठवतंय का?” तो म्हणाला.

मला आठवत नव्हतं.

“तू माझा टॉवेल घेतला होतास,” तो म्हणाला, आणि कोणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.